देव उजळायची पावडर

१२ एप्रिल ९१, शुक्र.
यांच्या कंपनीला टाळं लागून तीन महिने पुरे झाले. भांडी घासायची विकतची पावडर आजपासून बंद. सोनी कातकरीण भट्टीवरून फुटक्या विटांचे तुकडे घेऊन आली. तिच्या मुलीला जुन्या वायलचं पोलकं शिवून देणार, त्या बदल्यात. "घे बाय, पक्की लाल हाय. पर इटांचं करतंस काय?" म्हटलं, भांडी घासते. हसत सुटली. "आमी राख लावतो, तू तं अख्खं घरच घासतंस भांड्याना!"
कुटून, वस्त्रगाळ करून: विटेची भुकटी ४ वाट्या, मीठ १, लिंबूसत्व पाव, रिठ्याची पूड मूठभर. तांब्या घासून पाहिला. आरसा!

१६ एप्रिल
पहाटे देव याच पावडरीने उजळले. समया, निरांजन, बाळकृष्ण, आणि एकवीरा आईचा चांदीचा टाक. सासूबाई जाताना देव माझ्या ओटीत घालून गेल्या, त्याला चैत्रात सहा वर्षं झाली. मोठ्या जाऊबाई तेव्हा शेजारी उभ्या होत्या, त्यांनी तोंड फिरवलं होतं. मूल नाही मला, म्हणून दिले असतील का? सा. बा. तसं बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.
आई आज इतकी लखलखत होती की यांनासुद्धा बोलावून दाखवलं. "छान," म्हणाले आणि पेपर उघडला.

२० मे
उकाडा. पाणी एक वेळ. रात्रीच्या भाकरीचा कुस्करा, कांदा आणि शेंगदाणे घालून. यांच्या दोन शर्टांच्या कॉलरी उलटवल्या, आता वर्षभर बघायला नको. उरलेल्या खणाचं आईला नवीन आसन शिवलं, चार बोटांचं. शिवताना बरं वाटतं. एवढ्याशा आसनाला पण दोरा माझा चांगला लागतो.
हे कामाच्या चौकशीला तळोज्याला गेले होते. आले ते हातपाय धुऊन झोपलेच. विचारलं नाही.

१५ जुलै
शेजारच्या नलूताई पावडर मागायला आल्या. "सुमनताई, तुमच्या घरचे देव बघितले की माझे देव आंघोळ न केल्यासारखे दिसतात हो." डबीभर दिली. फार बरं वाटलं. मग वाटलं, एवढं बरं वाटू नये.
आता रोजच उजळते. सा. बा. फक्त सणाला उजळायच्या, एरवी नुसतं पाणी. पण दिवसभरात माझ्या हातून स्वच्छ, पुरतं झालेलं असं तेवढं एकच काम. बाकी सगळं उसवलेलं.

२४ ऑगस्ट
हे आज तीनदा बोलले. मीठ कमी आहे. कुलूप लावलंस का. पाऊस थांबला.
पेज आणि जवळ्याची चटणी. जुन्या चादरीच्या सहा पिशव्या.

२९ सप्टें., रवि.
लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.
आज मामंजींचा पक्ष. थोरले भाऊजी आणि जाऊबाई डोंबिवलीहून सकाळच्या एस.टी.ने आले. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, सगळं वेळेत झालं. पानं वाढायच्या आधी जाऊबाई देवाला हळदकुंकू वाहायला गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. मग आतूनच हाक.
"सुमन, आईला नाक कुठंय गं?"
मला कळेच ना. गेले. त्यांनी टाक उजेडात तिरका धरला होता. आणि मला दिसलं. डोळे नाहीत. नाक नाही. हातातली आयुधं म्हणजे नुसते ओरखडे. मुकुट तेवढा जरासा. रोज हातात घेत होते मी! रोज पुसून कुंकू लावत होते, आणि कुंकवाखाली काही उरलं नव्हतं.
"कशानं घासतेस?" सांगितलं. डबी आणून दाखवली. जाऊबाईंनी चिमूट घेऊन दोन बोटांत चोळली.
"ही वीट आहे! विटेनं देव घासलेस? अगं, भिंत झाली का आईची?"
भाऊजी म्हणाले, आधी पानं वाढा, भटजी खोळंबलेत.  हे खीर दोनदा घेतात, आज घेतली नाही.
निघताना जाऊबाई: "देव आम्ही डोंबिवलीला नेतो. यंदाचे घट तिथंच बसतील." हे उंबऱ्यात उभे होते. 

३० सप्टें.
पावडर मोरीत ओतली. मोरी चकाचक.
मग वाटलं, ती सोनी राख लावते तेच खरं.

२ ऑक्टो.
टाक रुमालात गुंडाळून पेठेतल्या म्हाताऱ्या सोनारांकडे नेला. त्यांनी काच डोळ्याला लावून पाहिला, बोटाने मागून दाबला. पत्रा आत गेला.
"यावर पुन्हा उठाव नाही येणार, वहिनी. नवीनच घडवावा लागेल. पण पितृपक्षात मी हातात घेणार नाही, दसऱ्यानंतर या."
विचारलं, एवढं सगळं माझ्याच हातानं झिजलं का हो?
"नाही, नाही. तीन पिढ्यांचे हात आहेत यावर." टाक परत रुमालात ठेवला. "शेवटचा तुमचा."
माझी समजूत काढायलाच तसं म्हणाले असतील. तळ्याच्या काठाने हळूहळू आले. सा. बा., त्यांच्या सासूबाई, सगळ्यांनी थोडं थोडं पुसलं, मी एका उन्हाळ्या-पावसाळ्यात उरलेलं. असं असेल तर जाऊबाईंना सांगावं का? सांगून काय. नाक तर माझ्याच हातून गेलं.
घरी येऊन टाक पुन्हा जागेवर ठेवला. नुसत्या पाण्याने धुतला. 

४ ऑक्टो.
यांना म्हटलं, तुम्ही भाऊजींना एक शब्द सांगा. देव गेले तर सकाळी उठून मी करायचं काय?
म्हणाले, "कमावत नाही त्यानं शब्द काय टाकायचा?"
फोडणीचा भात केला. दोघांनी निम्मा टाकला. आपल्या घरात भात टाकला, लिहून ठेवते.

६ ऑक्टो., रवि.
दोघं देव न्यायला आले. जाऊबाईंनी नवीन स्टीलचा डबा आणला होता, आत मऊ फडकं घालून. मी ताटं मांडली तशी भाऊजी म्हणाले, "आईनं देव सुमनच्या ओटीत घातले होते. असे उचलून नेणं मला बरं वाटत नाही. कौल लावू. आईच सांगेल कुठं राहायचं ते."
जाऊबाई: "पितृपक्षात कौल लावतात कुणी?"
"मग घट काय दिवाळीत बसवायचे? परवा घटस्थापना आहे."
तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून भाऊजींनी टाकाला लावल्या. एक आईच्या उजव्या अंगाला, एक डाव्या. उजवी आधी पडली तर देव इथंच, पनवेलला, डावी पडली तर डोंबिवलीला. सगळे हात जोडून बसलो.
अर्धा तास. तास. पाकळी पडेना.
सा. बा. कौल लावायच्या तेव्हा पाकळी आईच्या खांद्याच्या उठावावर अर्धी अधांतरी असायची, घटकेत सुटायची. आता सगळं सपाट. काचेला चिकटावी तशा दोन्ही बसल्या. हे माझ्या लक्षात आलं. जाऊबाईंच्याही आलं असणार. म्हणाल्या, "बोलायला तोंड तरी ठेवलंयस का तिला?"
साडेचारच्या गाडीची वेळ झाली. भाऊजी उठले. "पहिली कुठली पडते ती बघायची आणि घटाआधी नलूताईंच्या फोनवरून कळवायचं. हात लावायचा नाही. सुमन खोटं सांगणार नाही."
जाऊबाईंनी स्टीलचा डबा इथंच ठेवला. म्हणाल्या, "राहू दे. लागेलच."

७ ऑक्टो., सोम.
सर्वपित्री. रात्रभर डोळा नाही. सकाळी पाहिलं, दोन्ही जागेवर. देवांची आंघोळ नाही, टाकावर पाणी नाही, लांबूनच फूल वाहिलं. सहा वर्षांत पहिल्यांदा.
दुपारी हे देव्हाऱ्याशी आले. बराच वेळ बघत होते. मग हळूच म्हणाले, "उजवी मी काढतो. पाप मला लागू दे."
इतक्या महिन्यांत इतकं बोलले. मला रडूच फुटलं. म्हटलं, नको हो. हात लावून तर ही वेळ आली. मान हलवून बाहेर गेले. ओट्यावर बसलेत अजून.
चारच्या सुमारास डावीची कड सुटायला लागली. वाळून वळली आहे. उजवी ठार चिकटलेली.
पंखा बंद केला. खिडकी लावली. स्तोत्र मोठ्याने म्हणत होते, तर फुंकर लागेल म्हणून मनात म्हटलं. पदर तोंडाशी धरून बसले आहे.
आत्ता नलूताईंनी हाक मारली, "सुमनताई, डोंबिवलीचा फोन आलाय, धरून ठेवलाय हो. काय सांगू?"
म्हटलं, अजून नाही म्हणावं.
ते खरं आहे. पण खिडकी मी लावली, श्वास मी धरला. म्हणजे हा हात लावणंच झालं की नाही?
खिडकी उघडायला हवी. उठवत नाही. डावीची कड आणखी जराशी