घरात मी त्याला दादा म्हणते

४ नोव्हेंबर १९६४, गुन्सान, दक्षिण कोरिया

आज पुन्हा सगळ्यांसमोर "दादा" म्हटलं. जिभेला चटका बसल्यासारखं झालं. तेसोप मान खाली घालून भात चिवडत राहिला.

चार वर्षं झाली. आईने त्याच्या बाबांशी दुसरं लग्न केलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची, तो बावीसचा. रक्ताचं काही नातं नाही! पण कचेरीतल्या कुटुंबाच्या नोंदवहीत आम्ही एकाखाली एक — मुलगा, मुलगी.

८ नोव्हेंबर

मला स्थळ आलंय. बाबा हरखलेत. "मास्तर आहे. माझ्या पोरीला हवं तेवढं वाचू देईल." दिवसभर बंदरावर खारवलेला जवळा विकून येतात, आणि येताना माझ्यासाठी भाजलेलं रताळं. यांनी मला छळलं असतं तर किती सोपं झालं असतं!

९ नोव्हेंबर

तेसोप पहाटेच बाहेर पडला, सगळे झोपल्यावर परतला.

१५ नोव्हेंबर

हिवाळ्याचं तिखट लोणचं, किमची, घालायला गल्लीतल्या बायका जमल्या. कोबीचे शंभर गड्डे! तेसोप पाणी आणून ओतत होता. शेजारची पाग काकू म्हणाली, "काय गं ओक्सिम, भाऊ एवढा राबतो, नवरा राबेल का असा?" सगळ्या हसल्या. मीही. मग डोळ्यांना तिखट लागलं म्हणून आत पळाले.

परसात किमचीचे रांजण जमिनीत पुरताना तो हळूच म्हणाला, "शुक्रवारी सकाळची गाडी. सोलमध्ये आपल्याला कोण ओळखतंय? येशील?"

"येईन." — म्हणाले मी!

१९ नोव्हेंबर

बोचकं बांधत होते, तोच आई आली. ते घाईघाईने पांघरुणाखाली सारलं. तिचं लक्षच नव्हतं. दार लावून घेतलं, लाजेने लाल झालेली. "कुणाला बोलू नकोस गं. मला दिवस गेलेत. या वयात! लोक काय म्हणतील?" माझा हात धरून ठेवला. "तुम्ही दोघं आहात म्हणून धीर."

ते मूल आईकडून माझं भावंड. बाबांकडून त्याचं.

२० नोव्हेंबर

गेले नाही.

दुपारी तो स्टेशनवरून परतला. मीच आईचं सांगितलं. ऐकून पायरीवर बसला. म्हणाला, "आता खरंच भाऊ झालो मी तुझा."

१० फेब्रुवारी १९६५

तेसोप गेला. जर्मनीला, कोळशाच्या खाणीत. तीन वर्षांचा करार. बाबा गल्लीभर सांगत फिरतात. निघताना मला एवढंच म्हणाला, "मास्तराला हो म्हण."

नाही म्हणणार.

६ जून

मुलगी झाली. पाग काकू दारातूनच ओरडली, "अगं बाई! डोळे थेट तेसोपचे, आणि जिवणी बघा — हुबेहूब ओक्सिमची!" आई हसली, बाबा हसले. मी तिला उचलून घेतलं. आता खाली ठेववत नाही.