कुरकुरणाऱ्या आरामखुर्चीचा लिलाव

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (माझा उजवा गुडघा संपावर गेल्यामुळे आठांपैकी सातच अंगे पोहोचत आहेत, आठवे मागाहून पाठवतो.) तुझी कंबर आता बरी असेल. भाऊजींची प्रकृती मुद्दामच विचारत नाही. उत्तर द्यायचं तर तुला त्यांच्याशी बोलावं लागेल, आणि खुर्ची गेल्यापासून तुमच्या घरी तशी प्रथा उरलेली नाही.

काल फोनवर तू मला 'तू भाऊ आहेस की भिंत?' असं विचारून फोन आपटलास. प्रश्न विचार करण्याजोगा होता, म्हणून लेखी उत्तर देतो. आणि आमची जुनी खोड अशी की, मुळाशी गेल्याशिवाय आम्हाला शेंडा दिसत नाही.

आमची संस्था दृष्टी नसलेल्या वाचकांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते, आणि भिंतीपलीकडे सुताराचा कारखाना आहे. नायिका प्राण सोडू लागली की नेमकी त्याची करवत सुरू होते, त्यामुळे आमच्या पुस्तकांतलं कोणीही आजारानं मेलं यावर श्रोत्यांचा विश्वास बसत नाही. आवाज अडवणाऱ्या भिंती बांधायला पैसे हवेत, म्हणून आमच्या अध्यक्षा, त्या दातांच्या डॉक्टरीणबाई, म्हणाल्या, "ऑनलाइन लिलाव करू. अजिबात दुखणार नाही." (हे वाक्य त्या किती जणांना म्हणाल्या असतील, आणि पुढे काय झालं असेल, याचा विचार तेव्हाच करायला हवा होता.)

रंगीत तालीम खऱ्या नावांनी झाली आणि पार कोसळली. एकाने फुलदाणीवर बोली लावली की बाकीचे लगेच, "अहो, तुम्हाला आवडलीय ना? मग घ्या की!" म्हणून मागे सरायचे. इतक्या सज्जन माणसांत लिलाव होत नसतो. शेवटी सर्वांनी टोपणनावं घ्यायची असं ठरलं, कारण चेहरा झाकला की सज्जनपणाही झाकता येतो. कोण कोणत्या नावामागे आहे हे फक्त मला ठाऊक, आणि ते कुणालाही सांगणार नाही अशी शपथ डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडून घेतली. त्यांच्यासमोर तोंड उघडायचं नाही असा तो माझा पहिलाच प्रसंग.

पुढची चूक मसुद्याची, म्हणजे माझी. 'प्रत्येक घराने एक आवडती वस्तू द्यावी' असं मी लिहिलं. कोणाची आवडती, ते लिहायचं राहिलं. झालं! हिशेबनिसाच्या बायकोने त्याचं अकॉर्डियन दिलं. शिंप्याने बायकोचा बोलका पोपट दिला. (तो परत केला. सजीव वस्तू घेत नाही, असं सांगितलं. खरं कारण म्हणजे तो शिंप्याबद्दलच बोलत होता.) आणि तू, ताई, भाऊजींची आरामखुर्ची दिलीस. वर्णन मी लिहिलं: 'खुर्ची मजबूत आहे. कुरकुरते. ही सवय तिला घरातल्या कोणाची लागली, ते निश्चित सांगता येत नाही.' त्यावर तू हसली नाहीस, भाऊजींनी तर बोलणंच सोडलं आणि ते स्टुलावर बसून भिंतीकडे पाहू लागले.

लिलाव सुरू झाला आणि एक चमत्कार दिसला. जो तो आपल्याच घरच्या वस्तूवर बोली लावत होता. हिशेबनिसाने स्वतःचं अकॉर्डियन स्वतःच्याच पैशांनी सोडवून आणलं आणि वर पावतीही मागितली. खुर्चीवर मात्र दोघेच अडून बसले: 'लिंबू' आणि 'मौनी'. लिंबू म्हणजे तू. एकाने बोली चढवावी, दुसऱ्याने त्यावर आणखी चढवावी! भिंती उभ्या राहताना मला दिसू लागल्या, म्हणून मी साक्षीभाव धारण केला. शेवटी मौनी जिंकला, आणि काल तू मला तो फोन केलास. "कोण मेला हा मौनी? त्याचा पत्ता दे. दुप्पट देते, पण खुर्ची परत हवी." मग म्हणालीस, "घर फार गप्प झालंय रे. ती कुरकुर ऐकू आली की हे आहेत एवढं तरी कळायचं."

मध्यंतरी सुतार गावाला गेला तेव्हा आम्ही एक अख्खं पुस्तक निःशब्द शांततेत वाचलं. आमच्या सगळ्यात जुन्या श्रोत्या आजोबांनी तक्रार केली: "करवत नाही, तर पलीकडे माणसं आहेत असं वाटतच नाही." तुझं ऐकून मला त्यांची आठवण झाली. तरीही मौनीचा पत्ता मी देणार नाही. शपथ ती शपथ.

तुझा धाकटा,
पंडित (हे नाव तूच ठेवलंस, कौतुकाने नव्हे.)

ता. क. पत्र सहीपाशी संपतं आणि शपथही तिथेच संपते, असं माझं मत आहे. लिलाव रंगात आला असताना तू स्वयंपाकघरातून कुजबुजत मला फोन करत होतीस, त्याच वेळी दुसऱ्या फोनवर मौनी गॅलरीतून कुजबुजत होता, "त्या लिंबाला आवर रे!" दोन्हीकडे मागे एकाच कुकरची शिट्टी झाली. पत्ता तुला पाठ आहे. नावातच सगळं होतं, ताई. पण तू भांडलीस की तुला वाचता येत नाही.

ता. क. २. रविवारी सकाळी खुर्ची येईल. जागेअभावी ती सुताराकडे ठेवली होती; त्याने प्रेमाने, न विचारता, तिची कुरकुर काढून टाकली होती. ती परत घालायला लावली आहे. काढायला काही घेतलं नाही. घालायचे मात्र पैसे मागतो आहे.

ता. क. ३. मुख्य काम राहिलंच. भाऊजींना वाटतं की लिंबू म्हणजे मी, आणि मी मुद्दाम त्यांची बोली चढवत नेली. तुझ्याशी ते रविवारी बोलतीलच. माझ्याशी बोलणं कालपासून बंद आहे. तेवढं लिंबू तूच होतीस हे कबूल कर. अबोला तुमच्या घरचा, ताई. तो मला का दान केलास?