सुतावरची जकात

बीड

प्रिय दिलावर,

तुझं पत्र पोचलं. गिरणीतून तुला कमी केलं हे कळून जीव कळवळला. पण पुढं तू लिहितोस, "जकात वाढवा म्हणून तुमीच ओरडलात. माझ्या पोटावर काहून पाय दिलास, धर्मा?" ते मला लई लागलं. तुझ्या अब्बांच्या हाताखाली आपण दोघं एकाच मागावर विणायला शिकलो, आणि तू मला हे विचारतोस. आधी सगळं ऐकून घे.

तू सोलापूरला गेलास आणि मागोमाग गिरणीची लुगडी बीडच्या बाजारात आली. आम्हाला नुसतं सूत ज्या भावात पडतं, त्या भावात अख्खं लुगडं मिळू लागलं. गल्लीतले माग एकेक करून थांबले. आश्रुबानं तर आपला माग मोडून चुलीत घातला. शेवटी आम्ही जकातीच्या साहेबांपुढं गेलो. मागणं एवढंच, की सोलापूरकडून सरहद्द ओलांडून येणाऱ्या कापडावर जकात वाढवा आणि सूत तेवढं मोकळं सोडा.

हुकूम आला तो दोन्हींवर वाढीचा. सुताचं गाठोडं घेऊन मी नाक्यावर पोचलो, तर कारकून म्हणतो, "सूत काय अन् कापड काय, माल तो माल." मी म्हणालो, "साहेब, कापड तयार माल हाय. सूत म्हंजे आमचं काम हाय." तो हसला आणि गाठोडं अडकवून ठेवलं.

कापडाच्या व्यापाऱ्यानं जकात गिऱ्हाइकाच्या माथी मारली, तो निवांत. आमचं लुगडं आणखी महागलं, ते पडून. गिरणीचा महागलेला माल इकडं पहिल्याइतका खपेना, म्हणून तिकडं तुला काढलं. मालकाच्या ताटातलं तूप काही कमी झालं नसेल. मागावरचा उपाशी, गिरणीतला उपाशी, आणि भांडायचं कुणी, तर तू आणि मी. याचा संताप येतो मला.

एक गोष्ट लिहिणार नव्हतो. त्या दिवशी साहेबांपुढं पहिला शब्द खाजामियाँनी काढला, तुझ्या अब्बांनी. पोरगा गिरणीत आहे हे ठाऊक असून बोलले, कारण गल्लीत चुली पेटत नव्हत्या. तुझं पत्र मीच त्यांना वाचून दाखवलं. तेव्हापासून त्यांनी अन्न सोडलंय. "मेरे पोट्टे का निवाला मैंच छीना," एवढंच बोलतात. माझं ऐकत नाहीत. मला हव्या तेवढ्या शिव्या दे, पण लगोलग निघून ये. त्यांच्यापुढं बस, आणि तुझा घास त्यांनी हिरावला नाही, हे तुझ्या तोंडानं सांग.

तुझाच,
धर्मराज