किशोरदादाच्या दारापुढचं कपाट

२३ एप्रिल २०२५, बुधवार

तीन खोकी आली. फळ्या एकवीस, स्क्रू चौऱ्याऐंशी, बिजागऱ्या आठ, सहाकोनी किल्ली एक. दोनदा मोजलं. बरोबर. सूचनापत्रात 'डावी'च्या जागी 'डवी' छापलंय. पेनाने दुरुस्त केलं.

हॉलमध्ये कपाट कुठे ठेवायचं ते ठरलेलंच आहे — किशोरदादाच्या खोलीच्या दारापुढे. रविवारी अमरावतीचे पाहुणे मला पाहायला येणार. स्थळ खुशालमामाने आणलं. म्हणाला, "दार दिसलं का इचारतील, आत कोन रायते? मोठा भाऊ बेपत्ता, त्याचं लगन नाही, अन् लहान्याचं जमवता? उठून जातील ना!"

दादा दोन वर्षांपूर्वी अकोल्याच्या स्टँडवर अकोटच्या बसमध्ये बसला. पुढचं कोणालाच माहीत नाही. आईने खोलीला कुलूप लावलं. किल्ली तिच्या कमरेला.

२४ एप्रिल

जोडलं! साडेपाच तास लागले. दार पूर्ण झाकलं, कडेने चौकटसुद्धा दिसत नाही. कपाट भिंतीत अडकवायची पट्टी दिली आहे, पण मागे दार — स्क्रू मारू कुठे?

शेजारचा धर्मेंद्र मिस्त्री येऊन टकटक करून हसला. "भुसा हाय हा, डिंकानं चिपकवलेला. एकदा खोललं का भोकं गेली समज. दुसऱ्यांदा स्क्रू धरत नाही."

खोलायचं कामच नाही, म्हटलं.

"मंग बेस हाय. दिसाले तर नवरदेवावानी दिसते."

मागची पाठ मला पटली नाही. पुठ्ठाच आहे, बारीक खिळ्यांवर उभा.

आई जेवली नाही. "आता त्यानं यावं कुठून?" एवढंच.

२६ एप्रिल

कूलर लावल्यापासून खालची फळी दोन मिलिमीटर फुगली. मागून कट्ट आवाज येतो. मिस्त्री म्हणतो, भुसा ओल धरतो, ताणतो. असेल.

दुपारी लाइट गेली, कूलर बंद. तरी आवाज आला.

२७ एप्रिल, रविवार

पाहुणे आले, मुलगी पौर्णिमाही सोबत. तिच्या काकांनी सगळे कप्पे उघडून पाहिले, खूश झाले. बिजागरी हळू मिटते ते तीनदा करून पाहिलं. मग विचारलं, "भावंडं किती?"

"हा एकच," मामा म्हणाला.

आई पाण्याचे ग्लास घेऊन तिथेच उभी. मी फरशीकडे पाहिलं.

पौर्णिमा जाताना हळूच मला म्हणाली, "याच्या मांगं कोनी हाय का? वाजून राहिलं."

लाकूड आहे, ताणतं, म्हटलं. लाकूड!

संध्याकाळी फोनवर होकार. पुढच्या रविवारी साखरपुडा, इथेच.

२८ एप्रिल

मधल्या कप्प्यात पाठ आतल्या बाजूला फुगली आहे. पंज्याएवढी. छातीच्या उंचीला. कूलरची हवा तिथे पोचत नाही.

२९ एप्रिल

आज काही नाही. चार वेळा पाहिलं.

३० एप्रिल, अखजी (अक्षय्य तृतीया)

आज मेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. मामा सकाळीच आला. "यंदा बापाच्या घागरीच्या बाजूले किशोरचीबी भरून टाका. पाहुन्यानं कोनाले इचारलंच, तं मेला म्हनता येते. मिटलं!"

आई पेटली. "जित्त्याची घागर भरतेत का कोनी? तुही भरू का?"

मामा चप्पल घालून गेला. तिने बाबांची एकच भरली.

ती देवळात गेल्यावर दुसरी मी भरली. नवी मातीची घागर, वर खरबूज. दादाचं नाव घेतलं. मला हे लग्न हवं आहे, दुसरं काय! आईला दिसू नये म्हणून घागर कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवली, पाठीला टेकवून. एका फळीवर पंधरा किलो चालतं, लिहिलं आहे.

१ मे

नवी घागर पाझरते. एव्हाना फळी फुगून फुटायला हवी होती, म्हणून आधी फळीच तपासली. कोरडी. घागर रिकामी. खरबूज नाही. पाठीचा खालचा कोपरा उचकटलेला, हात जाईल एवढा.

आईला विचारलं, पाणी तू घेतलंस का?

"कोनतं पानी?" मग खाली वाकून तिने घागर पाहिली. कितीतरी वेळ पाहिली. "तू भरली? त्याची?"

मारेल वाटलं. मारलं नाही. कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "खोल."

तीन दिवसांनी रविवार, साखरपुडा. खोललं तर कपाट पुन्हा उभं राहणार नाही. उघडं दार, कुलूप, सगळं पाहुण्यांसमोर.

२ मे

खोललं. चौऱ्याऐंशीपैकी एकही स्क्रू आता धरणार नाही. कुलूप गंजलं होतं, तेल टाकून काढलं.

दार ढकललं.

आतून कडी लावलेली आहे.