क्रेट भरल्याशिवाय माल हलणार नाही

२ फेब्रुवारी
ठरलं. नोकरी सोडायची. आज नाही, पण सोडायची. गावी घरामागची जागा नुसती पडून आहे. तिथे भाजी लावायची, विकायची, आणि परक्यासारखं इथे शहरात पडून राहण्यापेक्षा सरळ घरी जायचं. बायको आणि आई कष्ट करतील, मी डोकं लावीन. डोकं लांबूनही लावता येतं. तीन वर्षं या भाजीच्या गोदामात क्रेट भरतोय. भाजीतलं मला कळणार नाही तर कुणाला? शाळा आठवीत सुटली म्हणून काय झालं, काकडी काही इंग्रजीत उगवत नाही.

३ फेब्रुवारी
बायकोला फोनवर सगळा प्लॅन सांगितला. तिने विचारलं, पाणी कोण घालणार? म्हटलं, ही किरकोळ बाब आहे, पुढचं बोल. ती म्हणाली, पुढचं काही नाही, नळ पुढच्या दारी आहे आणि बाग मागच्या दारी. तिला व्हिजन नाही. मागून आई ओरडत होती, त्याला विचार, जेवलास का. मी मीटिंगमध्ये असल्यामुळे उत्तर दिलं नाही. जेवलो नव्हतो.

९ फेब्रुवारी
काकडी, वांगी आणि मिरची लावण्याचा आदेश दिला. बायकोने परस्पर कोथिंबीरही टाकली. परवानगी घेतली नाही. व्हिडिओ कॉलवर बागेची पाहणी केली. अर्धा वेळ तिचा अंगठा दिसला, अर्धा वेळ आईच्या चपला. पाहणी समाधानकारक.

१ मार्च
संकल्प: उद्यापासून पहाटे उठायचं आणि ड्यूटीआधी फोनवरून बागेवर देखरेख करायची.

२ मार्च
उठलो तेव्हा बस गेली होती. साहेबांनी अर्धा दिवस कापला. माझा रूम पार्टनर (घोरतो म्हणून इंजिन) म्हणाला, तुझ्या बागेतली झाडं बरी, वेळेवर उठतात. हसलो नाही. मोठ्या माणसाच्या सुरुवातीला लोक असे हसतातच.

६ एप्रिल
पहिल्या काकड्या आल्या! बायकोने फोटो पाठवला. बघून धक्का बसला. निम्म्या वाकड्या. आमच्याकडे वाकडी काकडी दिसली की हात आपोआप रिजेक्टच्या क्रेटकडे जातो. ताबडतोब फोन करून गोदामाचे नियम लावले. एक: सरळ, वीतभर, एकसारखी ती ए ग्रेड. दोन: बाकी सगळं रिजेक्ट. तीन: ए ग्रेडचा क्रेट काठोकाठ भरल्याशिवाय माल हलवायचा नाही. अर्धा क्रेट पाठवला की गिऱ्हाईक आपल्याला चिल्लर समजतं. बायको म्हणाली, अहो, आपली वेल आहे, फॅक्टरी नाही. म्हटलं, हाच तर आपला प्रॉब्लेम आहे.
तिने विचारलं, मग वाकड्यांचं काय करू? म्हटलं, तुला काय करायचं ते कर, माझ्या डोळ्यासमोर नकोत.

१० एप्रिल
ए ग्रेड: पाच काकड्या. फ्रिजमध्ये ठेवायला सांगितल्या. आईचं दुधाचं पातेलं बाहेर आलं. दूध नासलं. धंद्यात नुकसान होतंच.

१५ एप्रिल
ए ग्रेड: नऊ. क्रेट मोठा आहे. घाई नाही.
मिरच्यांनाही ग्रेडिंग लावलं. बायकोने विचारलं, मिरची सरळ कशी करतात? उर्मटपणा वाढतोय.

२१ एप्रिल
आई फोनवर आली. म्हणाली, बाळा, फ्रिज उघडला की नाक धरावं लागतं, तुझ्या त्या साहेबी काकड्या पाणी सोडतायत. समजावलं की मोठ्या ऑर्डरीला वेळ लागतो. आई म्हणाली, ऑर्डर येईपर्यंत काकडी थांबेल का, ते काकडीला विचार. माझ्या आईला व्यवहार कधीच कळला नाही. तिनेच मला वाढवलं, यावरून कळतं.

३० एप्रिल
इंजिनला हॉटेलवाल्यांना मेसेज पाठवायला लावले, त्याचं लिहिणं बरं आहे. एका हॉटेलचं उत्तर आलं: किती माल आहे? मी लिहिलं, क्रेट भरला की कळवतो. त्यानंतर ते बोलले नाहीत. भाव वाढवायचा असेल त्यांना. मी पण बोलणार नाही.

११ मे
जबरदस्त बातमी. बायको म्हणाली, या महिन्यात घरखर्चाला पैसे पाठवू नका, बागेवर भागलं. सिस्टिम चालली! कोणी मानत नव्हतं. इंजिनला उठवून सांगितलं. तो म्हणाला, मग आता जा की घरी.
बरोबर. जातो की.

१२ मे
राजीनामा दिला. साहेबांना दोन शब्द सुनावले. म्हटलं, साहेब, तुमची ग्रेडिंगची पद्धत मी माझ्या कंपनीत वापरली, आभारी आहे. ते म्हणाले, कसली कंपनी? म्हटलं, कळेल. त्यांनी एकदाही थांब म्हटलं नाही. जळले असतील.

१३ मे
येतोय म्हणून घरी फोन केला. आधी बायको खूश झाली. मग तिने विचारलं, रजा किती दिवसांची? म्हटलं, कायमची.
मग तिने खरं काय ते सांगितलं. ए ग्रेडचा क्रेट एकदाही भरला नाही. वरच्या काकड्या येईपर्यंत खालच्या सडायच्या, ती रोज गुपचूप खड्ड्यात टाकायची. मला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. खर्च भागला तो रिजेक्टवर. वाकड्या काकड्या, बुटकी वांगी आणि ती बिनपरवानगीची कोथिंबीर ती सकाळी फाटकाशी मांडते. येणारे जाणारे हाताने निवडून घेतात, नऊच्या आत टोपली रिकामी. आता शेजारची शिंपीण आदल्या दिवशीच सांगून ठेवते.
मी म्हटलं, मग तर प्रश्नच नाही, आलो की मी धंदा वाढवतो.
ती म्हणाली, अहो, जागा तेवढीच आहे. बागेवर आमचं दोघींचं भागतं. तुम्ही आलात की तिघांचं भागायला हवं, आणि तुमचा पगारही नसेल.
मागून आई म्हणाली, येऊ दे गं त्याला, अर्धी अर्धी खाऊ.
मी म्हटलं, रेंज जातेय. रेंज चांगली होती.

१४ मे
साहेबांना भेटलो. राजीनामा म्हणजे एक विचार होता, असं सांगितलं. साहेब म्हणाले, तुझ्या जागी माणूस आला. कोल्ड रूममध्ये एक जागा आहे, तिथे कोणी टिकत नाही. हवी तर घे.
घेतली.

१५ मे
नीट विचार केला. सगळेच घरी बसले तर चालत नाही. मोठ्या कंपनीची एक शाखा बाहेर लागतेच. ती जबाबदारी मी स्वतःहून घेतली आहे. बायकोला तसं कळवलं. ती म्हणाली, स्वेटर पाठवते.
शाखेत थंडी फार आहे.