पहिलं कार्ड

मंगळवार, १२ नोव्हेंबर १९७४, कलकत्ता

कॉम्प्युटर मशीनचं काही चुकलं नाही, हेच जास्त खुपतंय. आमच्याकडे नवं काम लावताना पहिलं कार्ड कुणी नव्याने भोकं पाडून पंच करत नाही, दुसऱ्याच्या गठ्ठ्यातून घेतात. मी शेजारच्या टेबलावरच्या मित्रबाबूंचं घेतलं. आकड्यांची कुठली टेप वाचायची ते त्याच कार्डावर असतं. त्यावर त्यांच्या सुखवस्तू बालीगंजच्या शाळांतल्या मुलांच्या वजनांची टेप होती. मशीनने निमूट तीच वाचली आणि माझ्या तक्त्यात बजबजच्या गिरणी-वस्तीतली मुलं धडधाकट निघाली. साहेब खूश. तिथलं दूधकेंद्र बंद करायची शिफारस आज टाइपसुद्धा झाली.

संध्याकाळी गठ्ठा आवरताना ते कार्ड हातात आलं. मित्रबाबू म्हणाले, "दीदी, मशीनची पाळी आता लवकर मिळायची नाही. तक्ता चांगला दिसतोय, राहू द्या."

राहू कसं देऊ? उद्या साहेबांकडे जायचंच. पण ते कार्ड डोळ्यांसमोरून हलत नाही. नाही, खुपतंय ते कार्डही नाही. बजबजला त्या मुलांना मीच उचलून काट्यावर ठेवलं होतं. किती हलकी होती. माझ्या हातांना ठाऊक होतं, तरी तक्ता बघून मला बरं वाटलं.