बिनठिपक्याची मुडी

प्रिय नमू,

बाळ कसं आहे? रडून घर डोक्यावर घेतं म्हणे. घेऊ दे, आपल्याच घराण्यातलं आहे! फोनच केला असता, पण किरणभावोजी फोन स्पीकरवर टाकतात आणि मला तुझ्या एकटीशी बोलायचंय.

मोठी बय जाऊन आज अठरा दिवस झाले. तू ओली बाळंतीण, तुला पळसदरीहून कुणी हलू दिलं नाही. शेवटी ती काय बोलली, काय खाल्लं, असं तू तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा मी विषय बदलला. आता सांगते. रागावलीस तर रागव.

आपली पणजी, पण तिला पणजी म्हणायची कुणाची टाप होती? अकरा बाळंतपणं, त्यातली आठ पोरं जगली, आणि पुढं आपण सगळी एवढी झालो की एकाला हाक मारायची तर तिची चार नावं फुकट जायची. मला बोलवायचं तरी, 'जने, ठके, नमे... अगं तू गं, भवाने!' पण 'सगळी जेवली काय गं?' असं विचारल्याबिगर स्वतः कधी घास घेतला नाही. मी लहानपणी मुद्दाम दाराआड लपायचे. मी सापडेपर्यंत ती ताटावर बसायची नाही.

आणि ते तिचं तांबडं भात. बारा वर्षांची नवरी होऊन नेरळकडून आली तेव्हा पदरात मूठभर बी बांधून आणलं होतं, त्यावर आपलं शेत उभं राहिलं. दरवर्षी बियाची मुडी ती स्वतः बांधायची. भाताभोवती पेंढा गच्च आवळून, वर चुन्याचा ठिपका. ठिपक्याची मुडी बियाची, बिनठिपक्याची खायची, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. घरातली मुलगी सासरी निघाली की ओटीत त्याच बियाच्या पाच मुठी. तुझ्या ओटीत टाकल्या तेव्हा शालूच्या जरीत दाणे अडकले म्हणून तू किती चिडलीस! हॉलमधले सगळे हसले. ती मात्र म्हणाली, 'हे पेर गं बाय. नायतर माजी आठवन काढू नको.'

यंदा दिवाळीनंतर तिनं अंथरूण धरलं. मुड्या बाबांनी बांधल्या, बियाच्या मुडीला ठिपका लावायचं तिनं मला सांगितलं. चुन्याची डबी हातात दिली. मी ती माळ्यावर ठेवली आणि मोबाईल घेऊन बसले. संध्याकाळी तिनं विचारलं, 'समे, लावलास काय ठिपका?' मी म्हटलं, हो गं बय, लावला.

एवढंच, नमू. एवढंच खोटं बोलले, आणि मग विसरूनही गेले.

खायची मुडी शिमग्याला संपली, तेव्हापासून दुकानाचा पांढरा तांदूळ आणत होतो. मग तिचं फारच झालं तेव्हा सगळी भेटायला आली, घरात पन्नास माणूस. तांदूळ कमी पडला. मी माळ्यावर चढले, बिनठिपक्याची मुडी दिसली, बियाची बाबांनी वेगळी ठेवली असेल असं धरून ती साईनाथदादाकडं गिरणीवर धाडली. सगळी पोटभर जेवली. तिला मी मऊ भात भरवला. पहिला घास तिनं खूप वेळ तोंडात घोळवला. माझ्याकडं बघितलं. म्हणाली, 'तांबडं हाय.' मग विचारलं, 'सगळी जेवली काय गं?' मी हो म्हटलं. 'मंग बरं झालं,' म्हणाली आणि भिंतीकडं तोंड केलं. नंतर काही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी गेली.

दहाव्याला तांब्याचं घंगाळ काढायला माळ्यावर गेले, तर ती डबी. झाकणसुद्धा उघडलेलं नाही. बियाचीच मुडी मी शिजवून घातली होती गं. तिला कळलं होतं. आता कुणाचे पाय धरू, सांग.

आत्यांकडं आडून आडून विचारलं. कुंभिवलीच्या आत्याच्या शेतात गोदाम उभं आहे, नेरळच्या आत्याच्या शेतात बिल्डिंग. ते बी कुणाकडंच नाही. उरलीस तू. त्या पाच मुठी तू पेरल्या होत्यास का गं? तुमच्या धरणाखालच्या तुकड्यात, एखाद्या कोपऱ्यात तरी? भावोजी तिथं पाहुण्यांसाठी खोल्या बांधणार होते, म्हणून विचारायलाही भीती वाटते. असेल तर एक मूठ पाठव. तिनं एका मुठीवर भागवलं होतं. आणि कोंबड्यांना टाकलं असशील तर तसं कळवू नकोस. पत्र पोचलं नाही असं मी धरून चालेन.

बाबांनी पेरणीसाठी राब भाजून ठेवलाय. त्यांना अजून माहीत नाही. आत्ता त्यांनी माळ्याला शिडी लावलीय आणि वरून विचारतायत, 'समे, ठिपक्याची मुडी कुठं हाय गं?' पत्र लिहितेय, आले, असं सांगितलंय.

तुझीच,
समी